मास्टर लोटन आणि अकरा डबे

आमच्या नांदेडच्या गल्लीत समोरासमोर दोन घरं अशी होती, की दोन्हींची चूल माणसाच्या पडण्यावर पेटायची. एका घरात नागोराव हाडवैद्य राहायचे. कुणी झाडावरून, सायकलवरून, जिन्यावरून पडलं की त्यांच्या ओट्यावर येऊन विव्हळायचं. समोरच्या घरात लोटनकाका राहायचे. ते स्वतःच पडायचे. नागोरावांचं गिऱ्हाईक रडत यायचं, काकांचं गिऱ्हाईक हसत जायचं, एवढाच काय तो धंद्यातला फरक.

आमच्या घरात लग्नकार्यात, जेवणं झाल्यावर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे. लोटनकाकांची गोष्ट मी सुरू केली की आमची बायको आतून पाहुण्यांना सांगते, "आता हे सगळे डबे एकेक करून रचतील. तोवर तुम्ही हात धुऊन घ्या." म्हणून या वेळी लिहूनच काढतो आहे. कागद मधेच उठून जात नाही.

काकांचं खरं नाव लक्ष्मण, गाव उमरी. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना वडिलांबरोबर माळेगावच्या जत्रेत बैल विकायला गेले. वडील व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात काका एका तंबूची कनात उचलून आत शिरले. आत गाणी, नाच, जादू, जोकर असा मिश्र खेळ चालू होता. कनातीच्या दोरीत पाय अडकला आणि काका कोलांट्या खात थेट जादूगाराच्या पेटीवर जाऊन आदळले. पेटीतली दोन कबुतरं, वेळ झालेली नसताना, बाहेर आली. तंबू हसून लोळला. खेळाचे मालक चाँदमियाँ विडी विझवून पुढे आले आणि म्हणाले, "कबुतरां तो उड गए, ये लोटन कहाँ से आया रे?" लोटन म्हणजे जमिनीवर लोळण घेणाऱ्या कबुतराची जात. त्या दिवशी बैल विकला गेला नाही, पण लक्ष्मण मात्र तंबूत राहिला. मास्टर लोटन हे नाव तेव्हापासूनचं.

"उस्ताद म्हणायचे, गिरना मैं सिखातूं, उठना तू अपना देख ले," काका सांगायचे. "आता बघ, पडायला मला तीन वर्षं लागली. उठायचं अजून शिकूनच राहिलो."

पुढे तो तंबू बंद पडला, चाँदमियाँ गेले आणि काका नांदेडला येऊन ऑर्केस्ट्रात लागले. गाण्यांच्या मधे गायकाला पाणी प्यायला वेळ मिळावा म्हणून जे दहा-पंधरा मिनिटांचे आयटम असतात, त्यांतला सगळ्यात मोठा काकांचा.

रोज सकाळी त्यांची तालीम चालायची. अंगणात जाड वाकळ अंथरून दहा वेळा पडायचं: तीनदा मागे, तीनदा पुढे, दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. त्या दहा धप्प्यांवर आमची गल्ली उठायची. दहावा धप्पा झाला की माझी आई म्हणायची, "लोटनभाऊंचं झालं, ऊठ आता." त्यानंतर काका कोपरांना आणि गुडघ्यांना करडईचं तेल चोळत ओट्यावर बसायचे. समोरून नागोराव रोज तेच म्हणायचे.

"लक्षुमण, एकदा तरी मोड की रे. शेजारधर्म म्हून."

"मोडलं तर तुझ्याकडं येईन व्हय? नीट दवाखान्यात जाईन."

स्टेज सोडून इतर ठिकाणी मात्र इतका सावध माणूस मी पाहिला नाही. बसमधून सगळे उतरल्यावर, दांड्याला धरून, एकेक पायरी तपासत उतरायचे. चिखल दिसला की अर्धा फर्लांग वळसा. मी एकदा हसलो तर म्हणाले, "फुकट पडत न्हाई मी." आख्खा मराठवाडा ते पायानं ओळखायचे. देगलूरचं स्टेज कडक, पण इमानदार. उदगीरची फरशी दगाबाज, वरून गुळगुळीत आणि खाली पोकळ. उमरीची माती आईसारखी. परभणीला एका शाळेच्या मैदानावर ते पडले तेव्हा खाली मुंग्यांचं वारूळ निघालं. त्या दिवशी पब्लिकनं वन्स मोअर दिला आणि काका पहिल्यांदाच स्टेजवर यायला तयार झाले नाहीत.

आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचे मामा मांडवातल्या सांडलेल्या बासुंदीवरून घसरले. दीडशे माणसं एकदम काकांकडे बघायला लागली. काका सफारी घालून गंभीर चेहऱ्यानं जिलेबी खात होते. त्यांनी मान हलवली. "हात आधी टेकवला," ते म्हणाले. "हात आधी न्हाई टेकवायचा. मनगट जातंय." मामांचं मनगट खरंच गेलं होतं. नागोरावांना तिथंच, पंगतीतून उठवून, कामाला लावलं.

या प्रसिद्धीचा त्रासही होता. काकांना कुठंही गंभीर होता येत नसे. मयतीला गेले की रडणाऱ्या माणसांचे ओठ त्यांना बघून थरथरायला लागत. म्हणून ते आधी काकूंना आत पाठवत आणि स्वतः लांब लिंबाच्या झाडामागं उभे राहत. "माझ्या तोंडाचा दोष हाय," म्हणायचे. "देवानं चांगलं केलं होतं, पब्लिकनं बिघडवलं."

पण त्यांचा खरा आयटम म्हणजे घर.

गोडेतेलाचे पंधरा किलोचे रिकामे पत्र्याचे डबे, एकूण अकरा. काकूंनी त्यांना निळा रंग देऊन त्यांवर खिडक्या, एक दार, दाराला तोरण असं सगळं काढलं होतं. काका त्यांची भिंत रचत. खाली चार, त्यावर तीन, त्यावर दोन, एक आणि एक. एकही डबा सरळ ठेवायचा नाही. प्रत्येक डबा जरासा बाहेर, जरासा तिरका, कुठं पायाचा टेकू, कुठं पाठीचा. लोकांना वाटायचं, आता पडेल. पडायचं नाही. शेवटचा डबा ठेवून काका दोन पावलं मागं सरकायचे, मिशीवरून हात फिरवायचे, घराला नमस्कार करायचे आणि शिंकायचे. मग अकरा डबे असे काही कडाडून त्यांच्या अंगावर यायचे, की शेजारच्या गावची कुत्री भुंकायची.

पहिल्यांदा हा आयटम केला तेव्हा विंगेत बसलेल्या काकू घाबरून ओरडल्या, "अहो, लागलं का?" डब्यांच्या ढिगाखालून काकांचा आवाज आला, "मला न्हाई, जमिनीला लागलं. तिला इचार!" दोन्ही वाक्यं खरीच होती, ठरवलेली नव्हती. लोक इतके हसले, की मग दोन्ही आयटममध्ये कायमची बसली. काकू पुढं वर्षानुवर्षं विंगेतून तेच विचारत राहिल्या. फरक एवढाच, की त्या प्रत्येक वेळी खरंच विचारायच्या.

मी या गोष्टीत येतो तो इथं, आणि फार काही करत नाही. बी.कॉम. होऊन दोन वर्षं मी घरी बसलो होतो. माझा आवाज बरा आहे अशी माझी समजूत होती. काकांच्या ओळखीनं मी ऑर्केस्ट्राचा निवेदक झालो. ऑर्केस्ट्राचं नाव सांगत नाही, कारण त्या नावाचे तेव्हा मराठवाड्यात सहा-सात तरी होते. काकांची ओळख करून देण्यासाठी मी एक पानभर मजकूर लिहिला होता. त्यात हास्यरसाचे उपासक, विनोदाच्या गगनातील तारा असं बरंच होतं. पहिल्या कार्यक्रमानंतर काका म्हणाले, "सुधाकरा, तू इतकं सांगून राहिलास की मी येईस्तोवर माणसं दमून गेली. नुसतं म्हण, आता एक माणूस घर बांधणार हाय."

काकांची भाकरी त्या घरावर होती. नकला बरेच जण करायचे, गाणी बरेच जण म्हणायचे. लोक डबे कधी येतात त्याची वाट बघत बसायचे.

मग भूकंप झाला.

त्या पहाटे नांदेडलाही भांडी वाजली. सगळी गल्ली बनियनवर रस्त्यात येऊन उभी राहिली. नागोराव म्हणाले, "मला वाटलं लक्षुमण आज लवकर तालमीला लागला," आणि सगळे हसले. दुपारनंतर लातूरकडच्या बातम्या यायला लागल्या. कुठली गावं, किती माणसं. त्यानंतर गल्लीत कुणी मोठ्यानं बोलेना.

काकांनी दुसऱ्या दिवशी तालीम केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी नागोराव रस्ता ओलांडून काकांच्या दारात आले. त्यांना तसं येताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"लक्षुमण, पड की रे एकदा. सकाळ झाल्यावानी वाटंना."

काका म्हणाले, "ज्याच्यावर लोक हसायचे तेच त्यांच्यावर पडलं की रे, नागोबा. आता मी कशावर पडू?"

दोन-तीन महिन्यांनी कार्यक्रम पुन्हा लागायला सुरुवात झाली. ऑर्केस्ट्राचे मालक प्रभाकरराव काकांकडे आले. माणूस वाईट नव्हता. चहा संपेपर्यंत बशीकडंच बघत राहिला. शेवटी म्हणाला, "लोटनराव, घर बंद करावं लागंल."

"हाव. मीच सांगणार होतो."

"मग तुम्ही काय करणार?"

काकांनी कोंबडा, एस.टी.चा कंडक्टर, रेल्वेची अनाउन्समेंट असं काहीबाही सांगितलं. प्रभाकरराव म्हणाले, "परभणीचं एक पोरगं हाय, ते बावीस आवाज काढतंय. तुमचं ते घरच होतं हो." आणि उठले. घर नाही तर लोटन नाही, इतका साधा हिशोब होता. काकूंनी डबे पोत्यात घालून माळ्यावर टाकले.

त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या एका मास्तरांचा निरोप आला. औशाच्या पलीकडे भूकंपातल्या लोकांसाठी पत्र्याच्या शेडची वस्ती उभी राहिली होती. मास्तर तिथं शाळा भरवत होते. म्हणाले, एक दिवस पोरांसाठी काहीतरी करमणूक करा. काका ऐकेनात. "माझं तोंड बघूनच लोकांला हसू येतंय. तिथं असलं तोंड घेऊन जायाचं?"

काकू म्हणाल्या, "तोंड राहू द्या. डबे तरी नेऊन द्या. बायाबापड्यांला पीठ-मीठ ठेवायला होतील. इथं काय, उंदरं नांदायलीत त्यात."

ही गोष्ट काकांना पटली. आम्ही तिघं आणि अकरा डबे एस.टी.नं निघालो.

दुपारी चारच्या सुमारास एका मोठ्या शेडमध्ये शंभरेक माणसं बसली होती. पोरं पुढं, बाया एका बाजूला. काकांनी तोंडाला रंग लावला नव्हता. साधा सदरा-पायजमा. मी दोन वाक्यं बोललो, तीही चुकली. काकांनी कोंबडा काढला, मांजरांचं भांडण काढलं, नांदेड स्टेशनातून सुटणारी गाडी काढली. लोक बघत होते. पाहुणा जेवताना यजमान बघतो तसे, आदरानं. कुणी हसलं नाही. काकांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं, थोडं सामान आणलंय तुमच्यासाठी." पोत्यातून ते डबे काढून समोरच्या बाकावर ठेवायला लागले.

आता इथं जे झालं त्याला मीही तितकाच जबाबदार आहे, कारण मी शेजारीच उभा होतो आणि मलाही काही वावगं दिसलं नाही. पंधरा वर्षं ज्या हातांनी ते डबे एकाच पद्धतीनं ठेवले, त्या हातांना दुसरी पद्धत माहीत नव्हती. खाली चार. त्यावर तीन, जरासे तिरके. मग दोन. दाराचा डबा मधे, तोरण पुढं. काका तोंडानं बोलत होते, "एकेका घरात एक देऊ, ज्याला जास्त माणसं त्याला दोन," आणि हात आपलं काम करत होते. दहावा डबा ठेवून झाला, अकरावा हातात घेतला आणि त्यांनी समोर पाहिलं.

एका बाईनं तोंडाला पदर लावला होता.

काकांना कळलं आपण काय केलं ते. पण आता करणार काय? ते घर पडण्यासाठीच रचलेलं होतं. त्यातला एक डबा काढायला गेलं तरी सगळं खाली येणार. आणि त्या माणसांसमोर ते घर पाडायचं? वरचा डबा हलायला लागला. काकांनी अकरावा डबा काखेत मारून तो डाव्या हातानं धरला. त्या धक्क्यानं मधला सरकला, तो गुडघ्यानं अडवला. दाराचा डबा निघाला, त्याला हनुवटी लावली. एका पायावर, वाकडे, घामानं भिजलेले. हा आयटम नव्हता. मी आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नाही. कोपऱ्यात काकूंनी रिकामं पोतं छातीशी धरलं होतं.

पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, ठसठशीत कुंकू, अंगानं काटकुळी. ती एकदम कडाडली, "आरं धरा की त्याला कुणीतरी! बघत काय बसलाव?" आणि स्वतःच उठून आली. दोन्ही तळहात तिनं मधल्या डब्याला लावले. "धरलंय रं बाबा मी. तू तुझा गुडघा सोडीव."

"सोडीवला तर खालचा जाईल, माय."

"आरं गणपा, खालचा धर! दत्तू, तू त्या अंगानं ये. आडदांडावानी नगं, हळू!"

गणपा आला, दत्तू आला. आणखी पाच जण आले. आठ माणसं त्या घराला चिकटली आणि आठही जण एकमेकांना शिकवायला लागले. याचा हात चुकतोय, त्यानं खांदा द्यावा, वरचा आधी घ्या, छे, वरचा शेवटी. मधे काका, हनुवटीवर दार. ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माय, एक काम करता का? नाक खाजवायलंय."

म्हातारीचे दोन्ही हात अडकलेले. तिनं जरा विचार केला, पदराचं टोक दातात धरलं, मान पुढं केली आणि काकांच्या नाकावरून पदर घासला. "हितं का वर?"

"वर. अजून वर. हां!"

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. पोरं असावीत. मग बायांच्या बाजूनं एक हुंकार आला, आणि मग पत्र्याची ती शेड हसण्यानं वाजायला लागली. म्हातारी हसत होती, गणपा हसत होता, आणि हसण्यानं डबे हलत होते म्हणून एकमेकांना "हसू नका रं" म्हणून दटावत होते. मग त्यांनी एकेक डबा उतरवला, हातोहात, लेकरू झोळीतून काढावं तसा. एकही डबा वाजला नाही.

काका म्हणाले, "आता हे तुमचेच."

म्हातारीनं डबा उलटा करून पाहिला. "ह्याला रंग दिलाय की. पिठात उतरंल. न्या माघारी." आणि जरा थांबून, "पुन्यांदा आलाव तर सांगा. धरू लागू."

परतीच्या एस.टी.त काका मला म्हणाले, "सुधाकरा, आता हे घर पडू द्यायचं न्हाई. लोकांनी धरायचं. ज्या दिवशी पडंल, त्या दिवशी लोटन बंद." आणि जमिनीचं ते वाक्य त्यांनी कायमचं काढून टाकलं. जमिनीची चेष्टा आपल्याला झेपत न्हाई, म्हणाले.

प्रभाकररावांना पटायला वेळ लागला. "घर पडणारच नसंल तर लोक हसणार कशाला?" काका म्हणाले, बघा तर. पुढची कितीतरी वर्षं आम्ही ते बघितलं. गावोगाव माणसं न बोलवता स्टेजवर चढायची. एका गावात फौजदारानं एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं खिडकी धरली होती. दोन भावकीतले, एकमेकांशी दहा वर्षं न बोलणारे लोक एकाच डब्याच्या दोन बाजूंना अडकले आणि शेवटी त्यांना "जरा वर घे" एवढं तरी बोलावंच लागलं. घर एकदाही पडलं नाही. दहावा धप्पा ऐकून आमची गल्ली पुन्हा उठायला लागली.

पुढे ऑर्केस्ट्रे संपले. माझं लग्न लातूरच्या मुलीशी झालं आणि मी सासुरवाडीच्या गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. लोक मला विचारतात, लातूरमध्ये क्लासेसची एवढी लाट आली, तुम्ही काय केलंत? मी त्या लाटेच्या झेरॉक्स काढल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायची. एकेका खोलीत चार कॉट, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लावलेले बोर्ड. माझ्या दुकानातल्या नोट्स वाचून किती डॉक्टर झाले कोण जाणे. मी त्या नोट्स हजारो वेळा हाताळल्या आणि मला अजून किडनी कुठल्या बाजूला असते ते सांगता येत नाही.

समोरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे बिराजदार सर एके दिवशी म्हणाले, "मुलांना परीक्षेआधी ताण फार येतोय. काहीतरी विनोदी ठेवावं म्हणतो. पंचवीस मिनिटं. नंतर टेस्ट आहे." मी काकांना फोन केला. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेलेले. पडणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, गुडघे कुरकुरत होते. "घर तेवढं होतंय अजून," म्हणाले. काका, काकू आणि पोत्यातले डबे नांदेडहून दुपारच्या गाडीनं आले. त्यानंतर मी काकांना पाहिलं नाही, म्हणून तो दिवस नीट सांगतो.

हॉलमध्ये शे-दीडशे मुलं बाकांवर बसली होती. सगळ्यांसमोर वह्या उघड्या. काका आत आले तशी रेणापूरची एक मुलगी उभी राहिली. "सर, नोट्स काढायच्या का?"

"काढ की," काका म्हणाले. "पहिला मुद्दा, सर म्हातारे हायेत."

तिनं खरंच लिहून घेतलं.

कोंबडा झाला, मांजरं झाली, गाडी सुटली. मुलं बघत होती. बिराजदार सर घड्याळ बघत होते. काकांनी घर रचलं, दार लावलं, शेवटचा डबा ठेवला आणि तो नेहमीप्रमाणे कलायला लागला. काकांनी हात लावला, गुडघा लावला, हनुवटी लावली. "धरा रे कुणीतरी!"

कुणी उठलं नाही. या मुलांना सांगितल्याशिवाय बाकावरून उठायची सवयच नव्हती. काकांनी पुन्हा हाक मारली. मुलांनी सरांकडे पाहिलं. सरांना वाटलं, हा आयटमचाच भाग आहे. ते मान डोलवत राहिले.

काकांचे हात थरथरायला लागले. हे नाटक नव्हतं, वय होतं. डब्याचा पत्रा वाजायला लागला. मला शेड आठवली आणि बसमधलं ते बोलणंही आठवलं. मी पुढं धावलो, तर काकूंनी मागून शर्ट धरला. "थांब. तू घरचा हायस. घरच्यानं धरलेलं चालत न्हाई."

"काकू, पडेल!"

"पडू दे. पण तू न्हाई."

वरचा डबा निम्मा बाहेर आला. तेवढ्यात रेणापूरच्या त्या मुलीनं पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि हात वर केला. "सर, पकडू का?" उत्तराची वाट न बघता ती बाकावरून उतरली आणि धावली. तिनं वरचा डबा पकडला. मग दुसरी मुलगी. मग चष्म्यातला एक मुलगा. मग बाक सरकल्याचे आवाज. डबा कुणी कुठं धरावा यावर भांडण सुरू झालं.

"सेंटर ऑफ मास उजवीकडे आहे, तू डावीकडे काय करतोस?"

"डबा रिकामा आहे रे, कसलं मास?"

"घर्षण धर ना, घर्षण!"

बिराजदार सरांना हे सहन होईना. सगळं चुकीचं चाललं होतं. "अरे, टॉर्क कुठल्या बाजूनं येतोय ते बघा आधी! सरका!" म्हणत ते स्वतः घुसले, खांदा दिला आणि त्या खांद्यावर तीन डबे येऊन टेकले. सरांना आता हलता येईना. आख्खा क्लास हसायला लागला. मी इतकी वर्षं समोर दुकान चालवलं, त्या हॉलमधून असा आवाज मी ऐकला नव्हता.

काका त्या गर्दीत एकेक अवयव सोडवून घेत होते. हनुवटी एका मुलाला दिली. "हं, दार तुझं." गुडघा दुसऱ्याला. डावा हात रेणापूरच्या मुलीला. मग वाकून, दोन मुलांच्या काखेखालून, हळूच बाहेर आले. कुणाचं लक्ष नव्हतं. काकांनी रुमालानं तोंड पुसलं, काकूंना खूण केली आणि मागच्या दारानं आम्ही रस्त्यावर आलो.

"काका, आयटम संपला नाही अजून!"

"माझा संपला."

"आणि डबे?"

"राहू दे. धरलेत न्हवं त्यांनी." ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायले, बशीत ओतून, फुंकर मारत. समोरून सरांचा आवाज येत होता, "कुणीही सोडायचं नाही! पहिल्यांदा वरची रांग!" आणि त्यावर पुन्हा हसण्याचा लोट. टेस्टची वेळ कधीच होऊन गेली होती.

मी ऑटो थांबवला. काकू आधी बसल्या. काका बसले आणि ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जरा थांब, बाबा." त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि हॉलच्या दिशेला कान दिला.

काकूंनी विचारलं, "पडलं का?"

काका ऐकत राहिले. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, पलीकडच्या क्लासमध्ये माइकवरचं केमिस्ट्री. पत्र्याचा आवाज नव्हता.

"अजून न्हाई," काका म्हणाले. तोंडभर हसले, आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "चल आता."

ऑटो चौकात वळेपर्यंत त्यांचं डोकं तसंच बाहेर होतं, कान मागं लावलेला.